मुलांसोबत नाताळचं चॉकलेट फज: ढवळायचं कधी आणि हात आवरायचा कधी

फज म्हणजे साखर, दूध आणि कोको शिजवून, मग घोटून केलेली मऊ चॉकलेट वडी. दर डिसेंबरात तिच्याबद्दल त्याच तक्रारी माझ्या कानावर येतात. "दाताखाली साखर कचकचते." "वडी पडलीच नाही, शेवटी चमच्याने खाल्लं." आणि अधूनमधून, "चिक्कीसारखं कडक झालं." मग पुढच्या वेळी लोक कोकोचा ब्रँड बदलतात, बटर वाढवतात, साखर कमी करतात. साहित्यात बहुतेक वेळा काही खोट नसते. चूक होते ती दोन जागी: पाक किती शिजवला, आणि पातेलं उतरवल्यावर चमचा केव्हा घातला.

यामागे आपल्या हातांची सवय आहे. नारळाची वडी, बेसनाची वडी, बर्फी आपण गॅसवर सतत ढवळत आटवतो. गोळा कडा सोडू लागला की लगेच ताटात थापतो. फज याच्या बरोबर उलट चालतं. उकळी आल्यावर ढवळणं बंद, उतरवल्यावर पाऊण-एक तास हात लावायचा नाही, आणि कोमट झाल्यावर मात्र दंड भरून येईपर्यंत घोटायचं. हा क्रम मोडला की फज बिघडतं. मुलं सोबत असली की तो हमखास मोडतो, कारण चॉकलेटचं भरलेलं पातेलं समोर असताना तासभर थांबणं त्यांना जमत नाही. म्हणून पाककृतीइतकाच विचार मुलांच्या कामांचा करावा लागतो.

आधी वेळ बघा

सुरुवातीपासून वड्या कापेपर्यंत साडेतीन तास धरा. त्यातलं गॅसजवळचं काम जेमतेम अर्ध्या तासाचं आहे, बाकी तयारी आणि थांबणं. संध्याकाळी सहानंतर सुरू करू नका. घोटायची वेळ येते तेव्हा मुलं पेंगुळलेली असतात आणि पुढचं सगळं घाईत उरकलं जातं. सकाळी नाश्ता झाल्यावर बसा, म्हणजे मुलांची पोटंही भरलेली असतात.

२५ डिसेंबरला शेजारी ताटं पाठवायची असतील तर फज २२ किंवा २३ तारखेलाच करून ठेवा. बंद डब्यात एक रात्र मुरलेलं फज ताज्यापेक्षा जास्त मऊ लागतं. शिवाय पहिला घाणा बिघडला तर हाताशी एक दिवस राहतो.

साहित्य

१५ सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी. अडीच सेंटिमीटरच्या ३६ वड्या होतात.

- साखर ४०० ग्रॅम
- बिनसाखरेची कोको पावडर ४० ग्रॅम
- फुल क्रीम दूध २४० मिलिलिटर
- लिक्विड ग्लुकोज १ मोठा चमचा
- बिनमिठाचं बटर ४० ग्रॅम
- व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
- मीठ चिमूटभर
- हवे असल्यास भाजून गार केलेले अक्रोड ६० ग्रॅम

कोकोच्या डब्यावरचे घटक वाचा. दुधात घालून प्यायच्या चॉकलेट पावडरीत साखर आधीच मिसळलेली असते. ती वापरली तर साखरेचं प्रमाण बिघडतं आणि चॉकलेटची चवही उतरत नाही. साखर जाड दाण्याची असेल तर मिक्सरमध्ये दोन-तीनदा फिरवून बारीक करून घ्या. बाजारातली पिठीसाखर मात्र नको, तिच्यात बऱ्याचदा स्टार्च असतो. दूध ताजंच हवं. कालचं, नासायच्या बेतात आलेलं दूध एवढ्या उष्णतेत फाटतं.

लिक्विड ग्लुकोज केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळतं. ते साखरेचे मोठे स्फटिक होऊ देत नाही, त्यामुळे नवख्या हाताला आधार मिळतो. नाहीच मिळालं तर तेवढाच मध चालेल, पण मग ते फज एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात चाटवू नका. खारं बटर वापरलंत तर चिमूटभर मीठ वगळा. गूळ घालून पौष्टिक करायचा मोह या कृतीत तरी आवरा. गुळाने दूध फाटू शकतं आणि पाकाची सगळी गणितं बदलतात.

दुप्पट प्रमाण एकाच पातेल्यात करू नका. शिजणं, गार होणं, घोटणं, तिन्ही हाताबाहेर जातं. जास्त हवं असेल तर दोन घाणे करा.

पातेलं आणि थर्मामीटर

पातेलं जाड बुडाचं आणि निदान तीन लिटरचं घ्या. मिश्रण तळाशी एवढंसं दिसतं, पण उकळताना दुधामुळे तिप्पट फुगतं. लहान पातेल्यातून ते ऊतू जातं, आणि जवळ मूल उभं असेल तर तो नुसता ओटा पुसण्याचा प्रश्न राहत नाही.

पाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. तापाचा थर्मामीटर यात कधीही घालू नका, तो फुटतो. कपाळावर धरायचा दुरून मोजणारा थर्मामीटरही कामाचा नाही. तो वरचा पृष्ठभाग मोजतो आणि आपल्याला आतला आकडा हवा असतो.

तपासणी: आदल्या दिवशी साधं पाणी खळखळ उकळून त्यात थर्मामीटर धरा आणि आकडा लिहून ठेवा. समुद्रकाठी, म्हणजे मुंबई-वसई-गोव्याकडे, तो १०० अंश सेल्सिअसच्या आसपास येईल. पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, ९८ च्या जवळ येतो. महाबळेश्वरला आणखी तीनेक अंश खाली. तुमच्या आकड्यात १३ मिळवा, तेवढ्यावर फज उतरवायचं. म्हणजे मुंबईत ११३, पुण्यात १११. परदेशी कृतीतला आकडा डोळे झाकून पुण्यात वापरला की फज दोन अंश जास्त शिजतं आणि कडक होतं. मळभ असेल, हवा दमट असेल तर एक अंश वाढवा.

टप्पा १: मुलांची तयारी

गॅस पेटवण्याआधी सगळं मोजून, मांडून झालं पाहिजे. हा टप्पा पूर्ण मुलांचा. मी तो त्यांच्या हातातून कधी काढून घेत नाही, सांडलं तरी.

तीन ते पाच वर्षांची मुलं ट्रेला आतून बटर लावतात आणि बटर पेपर बसवतात. पेपर दोन बाजूंनी ट्रेच्या बाहेर लोंबू द्या, फज उचलायला त्याच मुठी होतात. अक्रोड जाड पिशवीत घालून लाटण्याने ठेचणं हे त्यांचं सगळ्यात आवडतं काम. लहान मुलं खाणार असतील तर अक्रोड अगदी बारीक करा, मोठा तुकडा घशात अडकू शकतो.

सहा ते नऊ वर्षांची मुलं वजनकाट्यावर साखर आणि कोको मोजतात. कोको बारीक चाळणीने चाळायचा, साखर आणि मीठ त्यात घालायचं आणि कोरडंच इतकं कालवायचं की पांढरं काही दिसू नये. हे काम वरवर किरकोळ वाटतं. पण न चाळलेल्या कोकोच्या गुठळ्या दुधात फुटत नाहीत, आणि उकळी आल्यावर त्या फोडायला ढवळताही येत नाही.

मोठ्या मुलांनी ओट्यावर ओळीने मांडायचं: कापलेलं बटर, व्हॅनिला, लाकडी चमचा, थर्मामीटर, वाटीभर पाणी आणि ब्रश, गार पाण्याचा एक पांढरा वाडगा.

टप्पा २: खडूची रेघ

गॅसपासून किमान एक मीटरवर जमिनीवर खडूने रेघ मारा. मुलांनाच मारू द्या. पहिली उकळी येण्याआधीपासून पातेलं कोमट होईपर्यंत रेघेच्या आत फक्त मोठं माणूस. बारा वर्षांच्या पुढचं, सांगितलेलं ऐकणारं मूल शेजारी उभं राहून थर्मामीटर वाचू शकतं. पातेलं उचलण्याचं काम त्याचंही नाही.

सावधान: हा पाक उकळत्या पाण्याहून जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. उडालाच तर ती जागा लगेच नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली धरा आणि वीस मिनिटं धरून ठेवा. बांगडी, अंगठी, दोरा काढून टाका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका. फोड आला किंवा चेहऱ्यावर, हातावर भाजलं असेल तर डॉक्टरांकडे जा.

टप्पा ३: साखर विरघळवणं

कोरडं मिश्रण पातेल्यात घ्या, दूध आणि ग्लुकोज घाला, आच मंद ठेवा. आता ढवळायचं. साखर पूर्ण विरघळायच्या आत उकळी आली तर पुढे दाणे पडणार, म्हणून आच वाढवायची घाई करू नका. आठ-दहा मिनिटं लागतात.

तपासणी: चमच्याच्या पाठीवर थेंबभर घ्या, पूर्ण गार होऊ द्या आणि बोटांनी चोळा. खरखर लागली तर अजून दोन मिनिटं. गार झालेला चमचा रेघेपलीकडच्या मुलांकडे द्या, हा निकाल त्यांनाच देऊ द्या. त्यांची बोटं आपल्यापेक्षा तिखट असतात.

साखर विरघळली की ब्रश पाण्यात बुडवून पातेल्याच्या आतल्या कडा पुसून घ्या. कडेला सुकलेला साखरेचा एक दाणा नंतर आत पडला तर त्याच्याभोवती नवे दाणे जमत जातात आणि सगळं पातेलं कचकचीत होतं.

टप्पा ४: उकळणं, न ढवळता

आच मध्यम करा. बुडबुडे सगळीकडून खळखळून येऊ लागले की चमचा बाहेर काढा. इथून पुढे ढवळायचं नाही. थर्मामीटर लावा, त्याचं टोक बुडाला टेकू देऊ नका. खाली लागेल अशी भीती वाटली तर आच थोडी कमी करा, चमचा घालू नका. जाड बुडाचं पातेलं याचसाठी सांगितलं.

पाणी आटत असतं तोवर आकडा एका जागी अडून बसल्यासारखा वाटतो आणि मग भरभर चढतो. शेवटच्या चार अंशांत पातेल्यापासून हलू नका. एवढ्या प्रमाणाला साधारण १२ ते २० मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. आच आणि पातेलं प्रत्येक घरी वेगळं असतं.

टप्पा ५: मऊ गोळीची परीक्षा

थर्मामीटर असो वा नसो, ही परीक्षा घ्याच. आधी गॅस बंद करा. परीक्षा होईपर्यंत पाक आचेवर राहिला तर तेवढ्यात पुढे निघून जातो. स्वच्छ चमच्याने थेंबभर पाक गार पाण्याच्या वाडग्यात सोडा आणि पाण्यातच बोटांनी गोळा करा.

- थेंब पाण्यात विरघळला, धागे सुटले: कच्चा आहे, पुन्हा आचेवर ठेवा.
- गोळी वळली, पण पाण्याबाहेर काढताच बोटावर हळूहळू चपटी झाली: हाच हवा.
- गोळी बाहेरही ताठ राहिली: जास्त शिजला.

तिळाच्या वड्या, चिक्की करणाऱ्या हाताची गल्लत इथेच होते. चिक्कीच्या पाकाचा थेंब पाण्यात कडक होऊन टचकन मोडायला हवा. फजचा गोळीबंद पाक त्याच्या कितीतरी अलीकडचा, मऊ. माझ्या ओळखीत ज्यांची चिक्की सुरेख होते त्यांचंच फज पहिल्यांदा दगड झालेलं मी पाहिलं आहे, कारण त्या "टच" आवाजाची वाट बघत बसल्या.

टप्पा ६: थांबणं

पातेलं उतरवून जाड कपड्यावर किंवा जाळीवर ठेवा. बटरचे तुकडे आणि व्हॅनिला वरून टाका. ढवळू नका. बटर वर पिवळं तळं करून राहील, राहू द्या. पातेलं हलवू नका, थर्मामीटर सारखा आतबाहेर करू नका, कडेचं खरवडून चाटू नका.

हे का, तेही मुलांना सांगा, म्हणजे ती पातेल्याची राखण करतात. गार पाकात मावेल त्याहून जास्त साखर गरम पाकात विरघळलेली राहते. गार होताना ती बाहेर पडायची संधी शोधत असते. गरम असतानाच चमचा फिरवला तर थोडेच स्फटिक तयार होतात आणि तेच मोठे होत जातात, मग जिभेला खडे लागतात. कोमट झाल्यावर घोटलं तर एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक होतात, इतके बारीक की जिभेला ते लोण्यासारखे लागतात.

आतला आकडा ४५ अंशांच्या जवळ यायला हवा. थंडीत ४५ मिनिटं, मुंबईच्या उबदार डिसेंबरात तास-सव्वा तास. बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून वेळ वाचवू नका. कडा गोठतात आणि मध्य गरमच राहतो.

या तासाला मुलांना काम हवंच, नाहीतर बोट पातेल्यात जातं. बटर पेपरचे १० बाय १२ सेंटिमीटरचे तुकडे कापणं, डब्यांवर नावं लिहिणं, चांदण्या कातरणं हे सगळं मी याच वेळेसाठी राखून ठेवते.

तपासणी: थर्मामीटर नसेल तर मोठ्या माणसाने पातेल्याच्या बुडाला तळवा लावून बघावा. तो तिथे सुखाने टेकून ठेवता आला पाहिजे. पण बाजू गार लागली तरी मध्य गरम असू शकतो, म्हणून कोमट वाटल्यावर आणखी दहा मिनिटं द्या. मगच रेघ पुसा.

टप्पा ७: घोटणं

आता मुलं पुन्हा कामाला. पातेलं ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे फिरत नाही. एकाने कान धरायचे, दुसऱ्याने लाकडी चमच्याने घोटायचं. पन्नास वेढे झाले की पाळी बदलायची, आणि मोजणी मोठ्याने. आमच्याकडे भाचे मंडळी यावरून भांडत नाहीत ती केवळ या मोजणीमुळे. इलेक्ट्रिक बीटर नको, योग्य क्षण अर्ध्या मिनिटात निसटतो.

सुरुवातीला मिश्रण काळं, चकचकीत, चिकट असतं. पाचेक मिनिटांत जड होतं आणि मुलं कंटाळतात, तेव्हा मोठ्यांनी हात द्यायचा. आठ ते पंधरा मिनिटांच्या दरम्यान कधीतरी रंग किंचित फिका होतो, चमच्यामागे उमटलेली वाट मिटायला वेळ लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चकाकी मंदावते. त्याच क्षणी अक्रोड घालून दोन वेढे द्या आणि ओता.

लवकर ओतलं तर वडी पडत नाही. "अजून थोडं" करत राहिलं तर पातेल्यातच घट्ट होतं. तसं झालंच तर घाबरू नका. चमचाभर कोमट दूध घाला, हाताला बटर लावा आणि मुलांना कणकेसारखं मळू द्या. मऊ झालं की लाडू वळा किंवा थापून वड्या पाडा. चवीला तसूभरही कमी नसतात.

टप्पा ८: ओतणं आणि कापणं

ट्रेमध्ये एकदाच ओता आणि चमच्याच्या पाठीने सारखं करा. पातेल्याला चिकटलेलं कोरडं फज खरवडून ट्रेमध्ये घालू नका, ते मुलांच्या वाट्याचं. वीस मिनिटांनी सुरीने वरून खुणा करा. एक-दीड तासाने पेपरच्या मुठींनी उचलून पाटावर ठेवा आणि लांब, पातळ सुरीने कापा. दर दोन कापांनंतर सुरी पुसा. फ्रिजमध्ये ठेवून सेट करू नका, वड्या कोरड्या पडतात आणि बाहेर काढल्यावर त्यांना घाम येतो.

मग प्रत्येक वडी पेपरात गुंडाळून दोन्ही टोकं पिळायची. हवाबंद डब्यात थंडीच्या दिवसांत आठवडाभर छान राहतं. त्याहून जास्त ठेवायचं तर डब्यासकट फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर डबा गार लागेनासा होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. करंज्या, कुलकुल, दोदोल यांच्या ताटात फज ठेवून पाठवणार असाल तर चिठ्ठीवर "यात दूध आणि अक्रोड आहे" एवढं मुलांकडून लिहून घ्या. घेणाऱ्या घरात कोणाला काय सोसत नाही, ते आपल्याला ठाऊक नसतं.

बिघडलेलं फज

कचकचीत, दगड किंवा पातळ, तिन्हीला एकच उपाय आहे आणि तो खरोखर लागू पडतो. सगळं पुन्हा पातेल्यात घ्या, पाऊण वाटी पाणी घाला, मंद आचेवर पूर्ण विरघळवा, कडा पुसा आणि टप्पा ४ पासून पुन्हा करा. अक्रोड घातलेले असतील तर मिश्रण विरघळल्यावर गाळून काढा. खाली लागून करपलं असेल तर मात्र टाकून द्या, तो वास जात नाही.

सगळीच मुलं पाच वर्षांखालची असतील तर

मग मी पाकाच्या वाटेला जातच नाही. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ३५० ग्रॅम बारीक चिरलेलं डार्क चॉकलेट आणि ३० ग्रॅम बटर एका काचेच्या वाडग्यात घेऊन मायक्रोवेव्हमध्ये तीस-तीस सेकंद गरम करायचं, दर वेळी ढवळायचं, आणि थोडे तुकडे उरले असतानाच थांबून हाताने विरघळवायचं. जास्त तापलं तर तूप सुटतं. सुटलं तर एक-दोन चमचे गरम दूध घालून जोरात फेटा. ट्रेमध्ये ओतून तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. हे चॉकलेटच्या स्निग्धांशामुळे घट्ट होतं, साखरेच्या स्फटिकांमुळे नाही, म्हणून हे फ्रिजमध्ये सेट करता येतं आणि वरचं करता येत नाही.